शून्य न दाखवणारे यंत्र

समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजणारी यंत्रे आमच्या सुप्याच्या कारखान्यात बनतात. ती तपासणारे गृहस्थ रोज माझ्याच बसला असतात. प्यायच्या पाण्याची बाटली ते काठोकाठ भरतात, झाकण लावून उलटी धरतात आणि आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरतात. बोलतात मोजकेच.

परवा जहाजावर जायचे एक यंत्र त्यांनी अडवले. ऑक्सिजन पूर्ण काढलेल्या पाण्यातही ते दोन शतांश दाखवत होते. जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार होते, आणि यांचे कंत्राट वाढवणे मॅनेजरच्या हातात होते.

"मामा, दोन शतांश म्हणजे शून्यच की! करा सही."

"साहेब, समुद्रात जिथं हे सोडायचं, तिथं ऑक्सिजन तेवढा बी न्हाई. मग आकडा पाण्याचा का आपल्या चुकीचा, कळायचं कसं?"

"नोकरी फार झाली वाटतं?"

"व्हय. अकरा वर्षं झाली."

त्यांनी तपासणीच्या कागदावर 'नापास' लिहिले, सही केली आणि खोका माझ्या स्टोअरमध्ये आणून ठेवला. मी पावती लिहू लागलो.

"तारखेबरोबर वेळ बी टाका," ते म्हणाले. "जहाज सुटायच्या आधी अडवलं, एवढं दिसू द्या."