लांब दांड्याचा ब्रश

राउनीचे खांदे कायम वर, कानांशी. पोस्टाच्या खिडकीमागे बसून शिक्के मारताना वर, आणि आमच्या सौनाच्या बाकावर उघड्या अंगाने बसतानाही वर. तळ्याकाठचा हा सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, आमच्या तीन घरांचा, सामाईक. शनिवारी आधी आम्ही बायका, मग पुरुष. हिल्का शेगडी पेटवायची, मी पाणी भरायची, आणि राउनी त्या धगीतही गारठल्यासारखी आखडून बसायची.

तिचा नवरा काउको गावाचा लाडका. अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा, कुणाचंही छप्पर दुरुस्त करायला पहिला हजर. घरात मात्र पायरीवर त्याची पावलं वाजली की राउनीच्या हातातला कप हातातच राहायचा. मारलं नाही कधी. पण चमचा चुकीच्या कप्प्यात गेला तरी घर डोक्यावर घ्यायचा. आम्हाला ऐकू यायचं. विचारायची पद्धत आमच्यात नाही, म्हणून विचारलं नाही. तो झटक्याने गेला तेव्हा सगळं गाव हळहळलं, "बिचारी राउनी!"

आता ओरडणारा राहिला नव्हता, तरी खांदे काही उतरले नाहीत. मग हिल्काने मनावर घेतलं. दुसऱ्याचं काही बिघडलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवतात.

"अगं, तू बसलीयेस की बसची वाट बघतेयस?" ती राउनीला म्हणाली.

"बसलेच आहे की."

"हे कसलं बसणं! खांदे खाली. आणखी खाली. श्वास सोड. घेऊ नकोस, नुसता सोड. घ्यायचा तो आपोआप येतो."

तापल्या दगडांवर तिने पळीभर पाणी टाकलं. वाफ अंगावर आली तशी राउनी उठायला लागली.

"पळू नकोस! मान खाली घाल आणि घे अंगावर. वाफ काय तुला ओरडणारेय?"

सगळा हिवाळा हे चाललं. पोस्टातही तिला गृहपाठ होता. शिक्का मारला की खांदे सोडायचे, दात आवळले गेले की जीभ ढिली करायची. दर शनिवारी शेवटी हिल्का स्पंजला साबण लावून तिची पाठ चोळायची, लेकराची चोळावी तशी. मी तेव्हा मनात म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

बर्फ वितळायच्या सुमाराची गोष्ट. हिल्का पाठ चोळत होती आणि राउनी मान न वळवता बोलायला लागली.

"काउको गेला ना, त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा. जाग आली तेव्हा आधी बरं वाटलं. मग आठवलं, तो मेलाय. यार्मोला हे कधी कळू नये. बाप म्हणजे देव आहे त्याचा."

यार्मो तिचा एकुलता एक. हिल्का पाठ चोळत राहिली. सौनात देवळात बसल्यासारखं बसावं हे आम्हाला चालता येण्याआधी शिकवलेलं असतं. तिथल्या बाकावरचं बोलणं वाफेबरोबर धुराड्यातून जातं, दारातून कधीच नाही.

त्या दिवशी तिचे खांदे उतरले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच तिची मान दिसली, चांगली लांब होती. पुढे ती पोस्टात गुणगुणायला लागली. तळ्यातल्या लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून भरदुपारी घोरायची. उन्हाळ्याच्या मोठ्या सणाला यार्मो बायको-मुलीला घेऊन येणार होता, बापाच्या हातचा तो धक्का दुरुस्त करायला. राउनीने नातीसाठी पोहायचा फुगा आणून ठेवला होता.

यार्मो आला नाही, त्याचा फोन आला. "बाबा गेले आणि तुला झोप लागली?" एवढं विचारून त्याने ठेवून दिला.

राउनी तडक हिल्काच्या ओसरीवर आली. मी तिथेच कॉफी पीत होते.

"लेंपीला तू सांगितलंस?" लेंपी म्हणजे काउकोची बहीण.

"अगं, वाईट नाही गं सांगितलं!" हिल्का हसतच म्हणाली. "तिचं अंग आखडलंय ना, तर तुझंच उदाहरण दिलं. आमची राउनी कशी मोकळी झाली, कशी झोपते आता..."

"यार्मोचंही सांगितलंस?"

"तिला म्हटलं ना, त्याला कळू देऊ नकोस म्हणून!"

"मी तुझ्यापाशी मोकळी झाले होते, हिल्का. लेंपीपाशी नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारीला वर शाबासकी हवी होती, याची मला आजही चीड येते. मी कॉफी तशीच टाकून उठले.

सणाला तळ्याकाठी होळ्या पेटल्या. राउनीच्या धक्क्याची मोडकी फळी तशीच होती.

नंतरच्या शनिवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. सौना तिचाही होता. पिशवीतून तिने लांब दांड्याचा नवाकोरा ब्रश काढला आणि वरच्या बाकावर बसली. खांदे कानांशी. हिल्काने सवयीने स्पंजला साबण लावला.

"ये, पाठ दे."

"नको. याचा दांडा लांब आहे."

तिने आपली पाठ आपणच घासली. पण खांदे इतके वर ओढलेले की हात मागे वळेना, आणि ब्रश मधल्या जागेपर्यंत जाईना. दोन-तीनदा तिने प्रयत्न केला. मी हात पुढे केला, तिने मान हलवून नको म्हटलं. मग तेवढी जागा तशीच सोडून ती उठली आणि तळ्यात उतरली.