यमाईच्या अर्ध्या वाटेवर

त्या वर्षी माझी उंची कमी झाली. नेसलेलं लुगडं पायात येऊ लागलं, फडताळातला वरचा डबा हाताला लागेना. आधी मी हसण्यावारी नेलं. कोयनेच्या भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, म्हणजे मी त्रेपन्न-चौपन्नची असेन. माझे मालक लष्करात होते, ते जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगाही लष्करातच, दूर आसामात. कराडजवळच्या आमच्या गावी घरात मी आणि सून शालन, दोघीच. उसाचं दीर बघायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. पाठ धरायला लागली म्हणून नोकरी नुकतीच सोडली होती.

नोकरी सुटल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण माझा जीव दुसरीकडे होता. आमच्या गावात यमाईचं छोटं देऊळ आहे. पूजा गुरव करतात, पण झाडलोट, समया घासणं आणि तिन्हीसांजेचा दिवा ही सेवा सहा वर्षं माझ्याकडे होती. पाळी गेली आणि मी ती मागून घेतली. चार दिवस बाजूला बसायचं आता उरलं नव्हतं, एकही संध्याकाळ चुकणार नव्हती. विधवा बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, ओटी भरायला पुढे करत नाही. पण दिवा माझा होता. शालननं कधी वात वळली तर ती मी उलगडून पुन्हा वळत असे. तिनं घासलेली समई परत घासत असे.

कार्तिकात एका सकाळी देवळापुढची पाण्याची घागर उचलली आणि पाठीत काहीतरी कट्कन मोडलं. मी तिथेच बसले. पंधरा दिवस अंथरुणावर काढले. गावातल्या डॉक्टरांच्या सुयांनी उतार पडेना, तेव्हा शालन मला मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पाठीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. शालन बाहेर बाकावर होती.

"हाडं विरळ झालीत तुमची," त्या म्हणाल्या. "हा मणका चेपलाय, खालचा चेपायच्या बेतात आहे. पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक द्रव्य आटतं. काहींची हाडं मग अशी होतात. ते द्रव्य गोळ्यांतून देता येतं. गेलेलं हाड भरून येणार नाही, पण पुढची पडझड थांबेल असं वाटतं."

मी म्हटलं, द्या. त्यावर त्यांनी फोटो खाली ठेवला.

"दोन गोष्टी आधी सांगते. ह्या गोळ्यांनी गर्भाशयाला अपाय होऊ शकतो, असं परदेशात काही डॉक्टर म्हणायला लागलेत. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला यायचं, त्यात हयगय नको. आणि गोळी तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा सोडायची. त्या सोडलेल्या आठवड्यात पुष्कळ बायकांना पाळीसारखं रक्त जातं."

"म्हणजे पुन्हा?"

"पुन्हा. दर महिन्याला."

त्या अपायाबद्दल सांगत होत्या तेव्हा मी स्थिर होते. हे ऐकलं आणि पुढचं काही न विचारता उठले. चिठ्ठी घेतली, घडी घालून कमरेला खोचली आणि बाहेर येऊन शालनला सांगितलं, "शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्यात." त्या मी आणल्याच नाहीत. त्याच चिठ्ठीतल्या चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या तेवढ्या आणल्या.

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत काळे. मालक गेले तेव्हाही मी इतकी खचले नव्हते, कारण तेव्हा मुलाकडे बघायचं होतं. आता कुणाकडे बघायचं नव्हतं, आणि जिच्याकडे बघायचे त्या यमाईपासूनच दूर व्हायची वेळ आली होती. गोळी घ्यावी तर महिन्याचे चार-पाच दिवस देवळाची पायरी बंद. बारा वर्षं विधवा असलेल्या बाईला ह्या वयात विटाळ येतो, हे गावाला कळणार, कारण गावात हे कधीच लपत नाही. बायका पाणवठ्यावर काय बोलतील ते मला ऐकू येत असे. गोळी घेऊ नये तर एक एक मणका चेपत जाणार आणि शेवटी देवळापर्यंत पायच नेणार नाहीत. दोन्हीकडून सेवा सुटतच होती. मी स्वतःची समजूत घातली, की औषध न घेणं हीच खरी भक्ती. शरीर तिचं आहे, ती बघून घेईल. हे दिवसातून दहा वेळा म्हणायचे, पण म्हणताना मन शांत होत नसे. आत राग होता. सहा वर्षं एक दिवस चुकवला नाही आणि त्याचं हे फळ, असं सारखं वाटे. दिवा लावताना मी देवीच्या तोंडाकडे बघायचं सोडलं. एकदा समई घासायला कृष्णेवर गेले असताना डोहाच्या काळ्या पाण्याकडे किती वेळ बघत बसले ते कळलं नाही. तो विचार मी कुणाला सांगितला नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

माघात मी ठरवलं, औंधला डोंगरावरच्या मूळ यमाईकडे जायचं आणि तिलाच विचारायचं. दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर 'घे' लिहिलं, दुसरीवर 'घेऊ नको'. तिच्या पायाशी ठेवून एक उचलायची आणि निघेल ते मान्य करायचं. शालनला साताऱ्याला शाळेच्या कागदांसाठी जाते असं खोटं सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाई, मी येतो की संगं. पाठ धरली मंजी?" मी तिला झिडकारलं. दोन एसट्या बदलून औंधला उतरले तेव्हाच पाठीत कळा येत होत्या. मंगळवार होता, तरी गर्दी नव्हती. पायथ्याशी मेंढरांचा एक मोठा कळप बसला होता आणि पायऱ्यांच्या पहिल्या वळणाच्या खाली एक तरुण धनगरीण बाजूच्या दगडावर एकटीच बसली होती. मी तिच्या शेजारून वर गेले.

किती पायऱ्या चढले ते आठवत नाही. अर्ध्यावरही पोचले नव्हते. पाय उचलला आणि पाठीत पुन्हा तोच कट्कन आवाज झाला, ह्या वेळी खालच्या बाजूला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी पायरीवर आडवी झाले आणि ओरडायला श्वासच पुरेना. वरून कुणी येत नव्हतं, खालून कुणी येत नव्हतं. मी वर बघितलं. तिथून देऊळ दिसत होतं, आणि मला एवढंच वाटलं, की हिनं मला दारापर्यंतही येऊ दिलं नाही. त्या क्षणी माझी श्रद्धा संपली होती. ते खोटं करून सांगण्यात अर्थ नाही.

मग खालून पावलं वाजली. ती धनगरीण पळत आली आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबली.

"आवं बाई, काय झालं?"

"पाठ मोडली."

तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी बाजूला हाय बाई. दुसरा दिस हाय माजा. म्हून तर खाली बसलीया. शिवू का तुमास्नी?"

सहा वर्षांत मी अशा बाईच्या सावलीलाही जवळ येऊ दिलं नव्हतं. शालनला त्या दिवसांत मी लांबून ताट सरकवत असे. मी म्हटलं, "शीव गं माझे आई."

ती बसली, माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं, कमरेखाली घोंगड्याची घडी सरकवली आणि मला हलू दिलं नाही. "आमची मान्सं वर गेल्याती. येतील आता. तवर अशीच ऱ्हावा." उन्हं चढली होती. तिनं आपला पदर माझ्या तोंडावर धरला. तिच्या हाताला मेंढरांचा आणि लोकरीचा वास येत होता. आम्ही तशा तासभर तरी होतो.

कळा थोड्या ओसरल्यावर मी तिला विचारलं, कुठून आलात. म्हणाली, आटपाडीकडचे, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतोय, वाटेत लेकीच्या जावळाचा नवस फेडायला थांबलो.

"कुणाच्या लेकीच्या?"

"माज्याच की. वरीस झालं तिला."

मी मान वळवून तिच्याकडे बघायला गेले, तर तिनं कपाळावर हात ठेवून मला तशीच धरली. लेकीचं जावळ वर काढत होते आणि आई खाली दगडावर बसून होती.

"वाईट नाही वाटत तुला?"

"वाटतंय की. लय वाटलं सकाळच्याला. रडली बी." तिनं पदर सावरून पुन्हा माझ्या तोंडावर धरला. "पर करता काय? ह्ये बी तिनंच दिल्यालं हाय. ह्ये हाय म्हून लेक हाय. आन् मी खाली बसलीया, त्ये तिला वरनं दिसतंय."

तिनं हे मला समजवायला म्हटलं नव्हतं. माझ्या कमरेला कोणत्या चिठ्ठ्या खोचल्यात हे तिला ठाऊक नव्हतं, मिरजेचं ठाऊक नव्हतं. ती स्वतःशी बोलावं तशी बोलली आणि मग वाटेकडे बघत बसली. मी रडायला लागले. तिला वाटलं पाठ दुखतेय. "येतील आता, येतील," असं ती म्हणत राहिली आणि तळहातानं माझे डोळे पुसत राहिली.

तिची माणसं आली. नवरा, दीर, सासू आणि सासूच्या कडेवर गोटा केलेली लेक. सासूनं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "शिवलीस व्हय गं बाईला?"

मी म्हटलं, "मीच शिवायला सांगितलं. ती नसती तर मी इथं मेले असते." दोघा पुरुषांनी घोंगड्याची झोळी करून मला खाली आणलं, गावातल्या दवाखान्यात पोचवलं. दवाखान्याच्या दारातून ती बाहेरच्या बाहेर वळली. लेक तिच्याकडे झेपावत होती, पण सासूनं दिली नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे माणसं पाठवून चौकशी केली, तर कळप केव्हाच पुढे गेला होता.

ती यमाई होती असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर त्या पोरीचं सकाळचं रडणं मी तिच्यापासून काढून घेतल्यासारखं होईल. एवढंच सांगते, की मी ज्या गोष्टीला भिऊन तीन महिने मरत होते, तीच अंगावर असलेल्या बाईच्या हातांनी मला सावरलं. मला त्याहून स्पष्ट उत्तर नको होतं. चिठ्ठ्या घरी आल्यावर न उघडताच चुलीत घातल्या.

दवाखान्यातून निरोप गेला आणि शालन औंधला धावत आली. मी खोटं बोलून आले होते, तरी तिनं आधी पाठ कुठं दुखते ते विचारलं. मिरजेला नेताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं, गोळ्यांचं आणि रक्ताचंही. ती म्हणाली, "एवढंच व्हय, आत्याबाई? आन् त्यासाटनं तुमी मरायला निगाला हुता?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून मान हलवली. दुसरा मणकाही गेला होता. मी गोळी तिथेच, त्यांच्यासमोर घेतली. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी स्वतः गुरवीणबाईंकडे जाऊन सांगितलं, म्हणजे मागून कुजबुज नको. कुजबुज झालीच. काही बायकांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. ते अजून टोचतं.

बरी झाले असं मला लिहिता येत नाही. दुखणं आहे, पाठीचा बाक आहे, लुगडं अजून पायात येतं. त्यानंतर हाड मोडलेलं नाही, पण उद्या मोडणार नाही असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासायला जाताना आता काय निघेल ही धास्ती असते. काही सकाळी जुना काळोख पुन्हा अंगावर येतो आणि तो जाईपर्यंत मी नुसती पडून राहते.

पण एक कळलं. देह देवीला दिला, असं मी म्हणत होते तेव्हा सेवा मात्र मुठीत घट्ट धरून बसले होते. माझ्यावाचून तिचं चालणार नाही, असा तो गर्व होता, आणि त्याला मी भक्ती समजत होते. सोडायची होती ती मूठ. आता ते चार-पाच दिवस देवळातलं शालन बघते, तिची अडचण असेल तर गुरवीणबाई बघतात. मी घराच्या मागच्या अंगणात बसते. हातात काही नसतं. देवीसाठी काही करत नाही, तिच्याकडे काही मागत नाही. पूर्वी अशा रिकाम्या हातांनी तिच्यापुढे जायची मला लाज वाटली असती. आता त्याच दिवसांत ती मला सगळ्यांत जवळ वाटते. का, ते मला सांगता येत नाही. मी नुसते हात जोडते.