वेड्या बाभळीसाठी कोयता

निफाडजवळच्या द्राक्षबागेत माझं काम टिकलं ते रस्त्याकडेला पाल टाकून लोखंड ठोकणाऱ्या एका घिसाडी मावशीमुळे. मुकादमामुळे नाही, फोनमुळे तर नाहीच. हे आधी सांगून टाकतो. पुढचं लिहिताना माझी चिडचिड होणार, आणि त्यात तिचं राहून जायला नको.

मी सिंधुदुर्गातला, नववी अर्धवट सोडलेला. बागेत आलो त्याच दिवशी मुकादमाने मला ओढ्याकडचा बांध दाखवला. वेडी बाभूळ आणि घाणेरी इतकी माजली होती की पलीकडचा ऊस दिसत नव्हता. त्या झुडपात बिबट्या बसतो म्हणून छाटणीच्या बाया तिकडे फिरकत नव्हत्या.

"पंधरा दिवसांनी छाटणी हाय. तोवर बांध मोकळा पायजे, नाय तर मी दुसरा माणूस बघतो," मुकादम म्हणाला. "आन् कोयता तुझा तू आण."

काम गेलं की बागेतली पत्र्याची खोलीही जाणार होती. घरची कोयती मी आणली नव्हती. एसटीत कुणी पिशवी उघडली तर काय सांगायचं, या भीतीने ती आजोबांच्या खुंटीवरच ठेवून आलो होतो.

मग फोनवर बघत बसलो. रानात राहणाऱ्याने मोठं पातं कसं निवडावं, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यातलं एक काळं, पाठीला करवतीचे दात असलेलं पातं मागवलं. बाभळीवर ते टणटण वाजायचं आणि उडून यायचं. दुसऱ्या दिवशी टोक वाकलं. मग ऊसतोडीचा पातळ कोयता आणला. बाभळीच्या गाठीवर त्याची धार कागदासारखी दुमडली. शेवटी लासलगावच्या बाजारातून चांगला वजनदार कोयता घेतला. दुकानदाराने पुढे केला, मी उजव्या हातात तोलून पाहिला, बरा वाटला.

बांधावर मात्र तो फांदीत शिरेचना. घाव घातला की बाजूला घसरायचा. एकदा तर बुटाचा चवडा कापून गेला. बोटं वाचली, पण त्यानंतर प्रत्येक घावाआधी पाय कुठे आहे ते बघायला लागलो. दोन्ही हातांत काटे भरलेले आणि बांध चौथाईसुद्धा झाला नव्हता.

"कोकणात काय केळीच तोडता का रं?" मुकादमाने विचारलं.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "जमणा नाय तर परत ये." याच वाक्याची मला धास्ती होती.

चार दिवस उरले तेव्हा कोयता घेऊन त्या मावशीकडे गेलो. नवरा भात्याचा पंखा फिरवत होता, ती घण मारत होती.

"मावशी, धार लावून द्या. लागतच नाही हा."

तिने अंगठा फिरवला. "धार तर हाय की. कापून दाव." तिने बाभळीची फांदी पुढे सरकवली.

मी उजव्या हाताने घाव घातला.

"बांधावर बी असंच कापतो व्हय? नवरीला हळद लावल्यागत?"

नवरा हसला. मी ओशाळून कोयता डाव्या हातात घेतला आणि जोरात मारला. तो घसरून मातीत रुतला. तिने तो उपसला आणि आडवा धरून दाखवला. धारेचा उतार पात्याच्या एकाच बाजूला होता, दुसरी बाजू सपाट.

"हे उजव्या हाताचं पातं हाय. तू डावरा. दुकानात बोलला न्हाईस?"

"कोणी विचारलं नाही."

"मग पात्यानं वळखायचं व्हय?"

खरं तर कोणाला कळणार? जेवतो उजव्याने, सही उजव्याने, कोणी काही दिलं तर घेतोही उजव्यानेच. डावा हात पुढे केला की लहानपणी फटका बसायचा. एकटा असलो की जोराचं काम तेवढं डाव्याने. घरची कोयती आजोबा माझ्यासाठी मुद्दाम वेगळी घासून ठेवायचे. का, ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. पात्याला बाजू असते हे मला माहीतच नव्हतं. तीन कोयते झाले, अकरा दिवस गेले, आणि राग नेमका कोणावर काढायचा तेही समजेना.

तिने पातं तापवलं, ठोकलं, कानशीने घासून उतार दुसऱ्या बाजूला आणला. पाठ मुद्दाम जाड ठेवली. "ही बाभूळ वजनानं तुटती. घाणेरी मुळाशी वढून काप. पाय मागं ठेव, लेकरा." धार लावायचे इतरांकडून घेते तेवढेच पैसे तिने घेतले.

छाटणीच्या आदल्या संध्याकाळी बांध मोकळा झाला. मुकादम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला आणि म्हणाला, "सकाळी सातला ये, छाटणीला." त्यातच मला सगळं मिळालं.

पुढच्या सुट्टीला मावशीला सांगायला गेलो तर पाल उठलं होतं. येवल्याकडे गेले असतील, असं टपरीवाला म्हणाला. दोन सुट्ट्या त्या रस्त्याला फिरलो, सापडले नाहीत. मावशीचं वय झालंय आणि घण जड आहे. जिथे भेटेल तिथे दिवसभर मी घण मारीन आणि तिला बसवून ठेवीन. हे मी करणार आहे.