रविवारची हजेरी

छबूबाईंच्या कांडपाच्या शेडला रविवारी कुलूप असायचं. मार्च ते मे हे वर्षाच्या मसाल्याचे दिवस. बायका मिरच्यांचे डबे घेऊन सकाळी सातपासून नंबर लावायच्या, पण रविवार म्हणजे रविवार. कुणी फारच गळ घातली तर छबूबाई तोंडावर सांगायच्या, "तुमची मिरची सोमवारी बी तिखटच ऱ्हातीय. माजी नात काय रोज येत न्हाई."

देवळाली प्रवरा सोडून थोडं पुढे गेलं की कालव्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड, आणि मागे तीन खोल्या. नवरा वारला तेव्हा मुलगा हर्षल सातवीत होता. दीर म्हणाले, आमच्याकडे येऊन राहा, दोन घास काही जड नाहीत. छबूबाई गेल्या नाहीत. त्यांनी कांडपाचं यंत्र बसवलं, पट्टा तुटला तर आपल्या हातानं बदलायला शिकल्या, बारा महिने डोळे लाल करून घेतले आणि पोराला डिप्लोमापर्यंत नेलं. स्वतः सातवी पास, पण पोराच्या शिक्षणाचा तोरा असा की गिऱ्हाइकानं वजनावरून हुज्जत घातली तरी उत्तर एकच: "माज्या हर्षलला इचारा, त्यो शिकल्याला हाय."

हर्षल चाकणला कंपनीत होता. शनिवारी संध्याकाळी बायको स्नेहल आणि सहा वर्षांची दिशा यांना घेऊन यायचा, रविवारी ऊन उतरलं की परत. दिशाला मिरचीच्या खकाण्यानं ठसका लागायचा, म्हणून ते कुलूप. स्नेहल रविवारी नऊपर्यंत झोपायची आणि सासू दाराशी बसून शेजारणींना गप्प करायची, "हळू बोला गं, पोरगी आठवडाभर पळती." मग चुलीवर मटण, दिशासाठी बिनतिखटाचा रस्सा वेगळा, आणि जेवणं झाली की लिंबाखाली खाटेवर गप्पा. एवढ्या चोवीस तासांवर छबूबाईंचे उरलेले सहा दिवस निघायचे.

ते चोवीस तास नासवले ते करण आणि त्याच्या टोळक्यानं. करण हा टेम्पोवाल्या रामहरीचा मुलगा. एकवीस वर्षांचा, हाताला काम नाही आणि बुडाखाली बुलेट. सायलेन्सर असा बदलून घेतलेला की कालव्याच्या रस्त्यानं जाताना बंदुकीसारखा फाटफाट वाजायचा. रविवारी दुपारी तीन-चार गाड्या यायच्या, पोरं कालव्याच्या कठड्यावर बसून प्यायची आणि बाटल्या छबूबाईंच्या अंगणात भिरकवायची. बोलायला गेलं तर, "काय म्हातारे, झोप मोडली का?"

छबूबाई ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदारानं अर्ज वाचला आणि म्हणाला, "आजी, हा अदखलपात्र आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे आम्हाला थेट दखल घेता येत नाही असा."

"मंग दखल घ्यायजोगं काय आस्तं? डोकं फुटल्यावं यिऊ का?"

"हो, तसं काही झालं तर लगेच या," असं तो माणूस अगदी सहज म्हणाला.

त्यानं कायदा चुकीचा सांगितला नव्हता. चीड येते ती त्याचीच. छबूबाईंनी चार अर्ज दिले, दोनदा एकशे बारा नंबरला फोन केला. एकदा गाडी आली, तोवर पोरं गेलेली. शिपायांनी पाणी प्यायलं, फोटो काढला आणि गेले.

रविवारी खाटेवर यावरून जुंपायची. शेजारचे बाबाजान पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते पोलिसांची बाजू घ्यायचे. "छबूताई, एवढी गावं आन् माणसं बोटावर मोजण्याइतकी. कुठं कुठं पळतील?"

"बंदोबस्ताला बरी घावत्यात माणसं," छबूबाई म्हणायच्या. "पुढाऱ्याच्या मागं चार गाड्या. माज्या दारात एक येत न्हाई."

हर्षल मोबाईल पुढे करायचा. "चाचा, स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यातच आहे. अंगावर कुणी आलं तर आपण मारू शकतो."

"हक्क हाय, बाळा, पण मोजून हाय. त्यानं ढकललं म्हणून तुला कोयता चालवता येत न्हाई."

"कोयता कशाला? आई, तू दारात तिखटाचा डबा भरून ठेव. तेवढं कायद्यात बसतं."

स्नेहल हसली. "आईंच्या दारात तिखटाला काय तोटा?" सगळेच हसले. हर्षल थट्टेनं बोलला होता. छबूबाईंनी मात्र सोमवारी लवंगी मिरचीची बारीक पूड एका डब्यात भरली आणि दारामागे ठेवली. शिकलेल्या मुलानं सांगितलं होतं.

तीन आठवडे गेले. एप्रिलातल्या रविवारी दुपारी दिशा अंगणात छोटी सायकल शिकत होती. करणची बुलेट फाटकाशी आली आणि त्यानं मुद्दाम सायलेन्सर फाटफाट वाजवला. दिशा दचकून पडली, हनुवटी फुटली. हर्षल तसाच अनवाणी बाहेर धावला. "गाडी बंद कर! लहान पोर आहे, दिसत नाही?"

"पुण्याचं शहाणपण पुण्यात," करण म्हणाला आणि त्यानं हर्षलची कॉलर धरली. दुसऱ्यानं मागून हात आवळले. करणनं कठड्यावर बाटली आपटून फोडली आणि फुटकं टोक हर्षलच्या गळ्याला लावलं; कातडीवर रक्त आलं. खरंच मारणार होता की भीती घालत होता, हे तोच जाणे. गळ्याशी काच असताना ते तपासत बसायला वेळ नसतो. छबूबाईंनी डबा उचलला, धावल्या आणि मूठभर तिखट करणच्या तोंडावर फेकलं.

करण ओरडत मागे सरकला आणि कठड्यावरून खाली गेला. पाण्याचं आवर्तन नव्हतं, कालवा कोरडा होता. मनगट मोडलं. पण खरं नुकसान डोळ्याचं झालं. पडल्या पडल्या त्यानं तिखटाच्या आणि मातीच्या हातानं डोळे चोळले. उजव्या डोळ्यानं अजूनही त्याला धूसरच दिसतं. एकवीस वर्षांच्या पोराचा डोळा गेल्याचा आनंद कुणाला व्हावा? छबूबाईंनाही झाला नाही. त्याच्या डोळ्यांवर पाण्याच्या कळश्या त्यांनीच ओतल्या.

या वेळी पोलीस दहा मिनिटांत आले.

"जास्त बोलू नका," बाबाजान कुंपणापलीकडून सांगत होते. "घाबरले, हाताला आलं ते फेकलं, एवढंच सांगा." पण छबूबाईंना कशाची चोरी होती? चार अर्ज देऊन थकलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी समोर वही उघडून विचारत होतं. हवालदारानं खुर्चीसुद्धा दिली.

"आजी, तिखट कुठलं?"

"घरचंच. दारामागं भरून ठिवलं हुतं."

"कधीपासून?"

"झालं की तीन आठवडं."

"कशासाठी?"

"ह्येच्यासाठीच! तुमी येत न्हाई म्हनून."

"आणि असं करायला कुणी सांगितलं?"

छबूबाई ताठ बसल्या. "माजा हर्षल शिकल्याला हाय. त्यानंच सांगितलं, डबा भरून ठिव, कायद्यात बसतंय."

हवालदार मान डोलावत लिहीत राहिला. छबूबाईंना वाटलं, आता यांना कळलं, गाठ अडाण्याशी नाही. कागद त्यांच्यापुढे आला. ‘मुलगा हर्षल याच्या सांगण्यावरून, उभयतांनी संगनमत करून, पूर्वतयारीनिशी...’ त्यांनी अक्षर लावून वाचलं. पूर्वतयारी हा शब्द त्यांना चांगला वाटला. परीक्षेची पूर्वतयारी, लग्नाची पूर्वतयारी. त्यांनी वळणदार सही केली.

संध्याकाळी हर्षलला अटक झाली. छबूबाईंना वयामुळे लगेच सोडलं. हर्षल पाच दिवसांनी सुटला, तोही अटीवर: दर रविवारी दहा ते एक ठाण्यात हजेरी.

वकीलबाई मोनिका सरळ बोलणाऱ्या होत्या. "पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आजी."

"मंग सोडा की त्याला."

"चालत नाही हे ठरवायला केस उभी राहायला पाहिजे. चार वर्षं, सहा वर्षं, सांगता येत नाही."

"आन् तवर?"

"तोवर हजेरी."

छबूबाई ठाण्यात जाऊन हवालदाराच्या हातापाया पडल्या. "माजं नाव ऱ्हाऊ द्या. तेवढी पोराची वळ खोडा. म्या फुशारकी मारली, साहेब. त्यो हसन्यावारी बोलला हुता."

"जबाब खोडता येत नसतो, आजी. तुमचीच सही आहे."

स्नेहलनं फोनवर शांतपणे सांगितलं, "आई, मी दिशाला तिकडे आणणार नाही. मोटारसायकल वाजली तरी ती टेबलाखाली जाते." छबूबाईंनी "बरं" म्हटलं. कंपनीत हर्षलचं नाव बढतीच्या यादीतून गेलं. रविवारी कंपनीनं जादा कामाला बोलावलं की दरवेळी ठाण्याचं कारण सांगावं लागायचं, आणि ते कारण एकदा कळलं की माणसं जरा लांब बसतात.

तो पहाटेच्या एसटीनं निघायचा, थेट ठाण्यात यायचा आणि बाकावर बसायचा. छबूबाई डबा घेऊन जायच्या. बाकावर मायलेकांच्या मध्ये डबा. आत कुणी शिव्या खात असायचं, बाहेर ते भाकरी खायचे. हवालदार जाता-येता विचारायचा, "आजी, आज काय भाजी?" छबूबाई त्यालाही वाढायच्या. पूर्वी चोवीस तास होते, आता तीन उरले, आणि त्यातले अर्धे हर्षल मोबाईलमध्ये डोकं घालून घालवायचा.

एका गोष्टीवर मात्र तो बोलायचा. छबूबाईंनीही करणविरुद्ध बाटलीची तक्रार दिली होती. पोलिसांनी ती दाबून ठेवलेली, वकीलबाईंनी ती कोर्टात नेलेली. "आई, ती तक्रार आहे तोवर मी गुन्हेगार नाही. ज्याच्या गळ्याला काच लावली तो माणूस आहे. केस दहा वर्षं चालली तरी चालेल, पण तेवढी मागे घ्यायची नाही."

"न्हाई घेनार," छबूबाई म्हणायच्या.

पावसाळा संपत आला तेव्हा हर्षल एका रविवारी आला तो दाढी वाढलेला, शर्टाचं बटण तुटलेलं. डब्याला हात लावला नाही. म्हणाला, "स्नेहल माहेरी गेलीय. थोड्या दिवसांसाठी म्हणते."

दुसऱ्या दिवशी छबूबाई रामहरीच्या दारात उभ्या राहिल्या. करण ओसरीवर काळा चष्मा लावून बसला होता. त्यानं तोंड फिरवलं.

"दादा, मिटवा," छबूबाई म्हणाल्या. "काय म्हनाल ते करते."

"ते बाटलीचं काढा आदी," रामहरी म्हणाला. "माज्या पोराचा डोळा ग्येला आन् वर त्योच गुन्हेगार व्हय? नुसतं काढू नका, लिहून द्या. करणची चूक न्हवती म्हणून."

"चूक हुती की वो."

"मंग चालू द्या केस."

छबूबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. आतून करणची आई पाणी घेऊन आली, तिनं तांब्या ठेवला आणि न बोलता परत गेली. छबूबाईंनी दोन घोट पाणी घेतलं.

"आना कागद," छबूबाई म्हणाल्या.

रामहरीनं आठवड्यात कागद टाईप करून आणला. ‘करण याने कोणतीही आगळीक केली नव्हती. सदर तक्रार मी गैरसमजातून दिली होती.’ छबूबाईंनी या वेळी प्रत्येक शब्दाचा अर्थ वकीलबाईंना विचारून घेतला आणि मगच सही केली. वकीलबाई म्हणाल्या, "हर्षलला सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तडजोड हाय येवढंच सांगा." हर्षलनं तडजोडीच्या कागदावर थकल्या हातानं सही केली, पुढचं विचारलं नाही. दोन्ही बाजू राजी झाल्यावर औरंगाबादच्या खंडपीठात केस रद्द झाली. दिवाळीनंतरच्या रविवारी ठाण्यात आदेशाची प्रत आली.

"सुटलात," हवालदार म्हणाला. "शेवटची सही करा, आता यायचं काम नाही."

हर्षलनं बाकावर बसून आदेश वाचला. मागची पानं उलटली. छबूबाई डबा सोडत होत्या.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"‘आगळीक केली नव्हती.’ ही सही तुझी आहे?"

"व्हय."

"माझ्या गळ्यावरचा वण बघायचाय? बघ." त्यानं कॉलर खाली ओढली. "आणि तू लिहून दिलंस, की त्यानं काही केलं नाही?"

"सून माहेरी गेल्ती रं. मला दुसरं काय सुचंना."

"पहिल्यांदा न विचारता बोललीस, आणि आता न विचारता लिहिलंस. एक सही करून आत घातलंस, दुसरी करून खोटं पाडलंस."

"सुटलास न्हवं पन?"

हर्षल उठला. सव्वाबाराची गाडी होती. छबूबाईंनी डबा पिशवीत घालून त्याच्या हातात द्यायला धरला. त्यानं घेतला, पण घरी ये म्हणाल्या तेव्हा मान हलवली, आणि ती कोणत्या बाजूला हलवली ते छबूबाईंना नीट कळलं नाही.

स्नेहल परत आली, एवढं त्यांना बाबाजानच्या सुनेकडून कळलं. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली. शनिवारी संध्याकाळी स्वतःच फोन लावला.

"उद्या कितीला येतूस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, दिशा कशाला तरी हसत होती.

"उद्या कशाला, आई?" हर्षल म्हणाला. "आता हजेरी नाही."