पार्वताबाईला भिंतीकडे उभं केलं

संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या सुट्टीत, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वर्गात पार्वताबाईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं गेलं. वय पन्नाशीच्या पुढं. काम, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणं. गुन्हा, शेजारणीला शिकवणं.

हुकूम वकीलसाहेबांचा होता. तोंड माझं होतं.

वऱ्हाडात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा आमच्या वस्तीतली मराठी सातवी पास झालेली मी एकटीच मुलगी. वकीलसाहेब त्या वर्गांच्या समितीचे चिटणीस. त्यांनी मला शिकवणाऱ्यांच्या शिबिराला अमरावतीला पाठवलं. तिथं सहा दिवस दाराशी, तरटावर बसले. बाकीच्यांना सतरंजी. तहान लागली की ओंजळ पुढं करायची, कुणीतरी वरून पाणी ओतायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ज्ञानाला भेद नाही.’ मी तेच वाचत पाणी प्यायचे.

सहा दिवसांत शिकवलं काय? शिकवणाऱ्यानं खुर्चीवर बसावं. शिकणाऱ्यानं गप्प बसावं. मी वहीत उतरवून घेतलं. गिळलं सगळं. कारण वर्ग नीट चालवला की वकीलसाहेबांच्या हातून प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते मला हवं होतं.

पण आमचा वर्ग वेगळाच चालत होता. झाडलोटीत निघालेली सरकी बायका ओच्यात बांधून आणायच्या. तरटावर एकेक बी ठेवून अक्षर मांडायचं. चुकलं तर बोटानं बी सरकवायचं, संपलं. गोल बसायचं. जिला जो शब्द लागतो तिनं तो मागायचा. काल जी शिकली तिनं आज दुसरीला दाखवायचं. ही रीत माझी नाही. जिनात नवी बाई आली की जुनी तिला शेजारी बसवून काम दाखवते. बायकांनी वर्गही तसाच बसवला. अडलं तिथं हात लावायचा, एवढंच माझ्याकडं होतं.

पार्वताबाईनं पहिल्याच दिवशी मागितलं, “चांदूर बाजार.” लेक तिथं दिलेली. लेकीचं कार्ड आलं की पोस्टमन ते गल्लीत उभा राहून मोठ्यानं वाचायचा. घरातलं दुखणंखुपणं साऱ्या गल्लीला पाठ. “मले माह्या लेकीचं कार्ड माह्या डोयानं वाचाचं हाय,” ती म्हणाली. “बस. मंग मी मेली तरी चालते.”

“मरू नको बाई,” तिच्या शेजारची रशीदाबी म्हणाली, “पहिले मुझे रशीदा लिखना सिखा.”

त्या सोमवारी पार्वताबाई तिला तेच शिकवत होती. वकीलसाहेब नागपूरचे दोन पाहुणे घेऊन आत आले. खुर्ची कोपऱ्यात, आम्ही सगळ्या खाली.

“हा वर्ग आहे की भाजीबाजार? शिकवणारी कोण यांतली?”

रशीदाबीनं पार्वताबाईकडे बोट केलं. “आज की मास्तरीन ये है, साहब.”

बायका हसल्या. पाहुणेही हसले. वकीलसाहेबांना ते हसू लागलं. त्यांनी पार्वताबाईच्या हातात पुस्तक दिलं. “वाच.”

“हे नाही येत, साहेब. चांदूर बाजार येते. मांडून दाखवू?”

ती वाकली. साहेबांनी बुटाच्या टोकानं सरकी उधळली. रशीदाचं ‘र’ गेलं.

“आधी स्वतः शीक, मग मास्तरीण हो. भिंतीकडे तोंड करून उभी राहा.”

पार्वताबाई हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तू सांग तिला,” साहेब मला म्हणाले. “वर्ग तुझा आहे ना?”

प्रमाणपत्र त्यांच्या खिशात होतं. मी म्हणाले, “पार्वताबाई, उभ्या राहा.”

जिनाचा भोंगा होईपर्यंत ती उभी होती. लुगड्याच्या पाठीला कापसाचे पुंजके चिकटलेले. भेगाळलेल्या टाचा. मी खुर्चीवर बसून बाकीच्यांना ‘कमळ’ वाचायला लावलं. सगळ्यांचा आवाज आला. तिचा सोडून.

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. आठ दिवस मी रिकाम्या तरटापुढं बसले. नवव्या दिवशी पार्वताबाईच्या घरी गेले. ती दारात भाकरीचं पीठ चाळत होती.

“कार्ड आलं,” ती म्हणाली. “लेकीले टाकलं सासरच्याइनं. घेऊन जा म्हणते. पोस्टमननं वाचलं. साऱ्या गल्लीनं आयकलं.”

वर्ग चालू असता तर ते कार्ड आम्ही गोलात, हळू आवाजात, लावून वाचलं असतं. मी मान खाली घातली. वकीलसाहेबांना शिव्या घालू लागले.

“त्याचं नाव नोको घेऊ,” ती म्हणाली. “त्याले मी ओयखत नाही. तुले ओयखतो. तूनं काहून उभं केलं मले?”

अमरावतीत माझ्या ओंजळीत ज्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांचाच हात मी घेऊन आले होते. तोच तिच्यावर चालवला. हे मला पार्वताबाईनं शिकवलं, पीठ चाळता चाळता.

“येतो मी,” ती म्हणाली. “जबाब लिहाचा हाय मले. पण खुर्ची दिसली त दारातूनच वापस.”

पुढच्या सोमवारी मी खुर्ची उचलून अंगणात ठेवली. पार्वताबाईमागून बाकीच्याही आल्या, आणि मी त्यांच्यात खाली बसले. वकीलसाहेब प्रमाणपत्र घेऊन आले.

“खुर्ची आत आण.”

“नाही आणत.”

“मग प्रमाणपत्र नाही. खोलीही नाही.”

“ठेवा.”

“तू स्वतःला समजतेस कोण?”

“या वर्गातली एक बाई.”

खोलीला कुलूप लागलं. आता आम्ही जिनाच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली बसतो. तिथं पार्वताबाईनं जबाब आधी सरकीनं मांडला, मग कार्डावर उतरवला. तीन शब्द. ‘न्याले येतो मी.’ पत्ता तिचा तिनं घातला. माफी मला मिळालेली नाही. मी मागितलीही नाही. रोज खाली बसते.

आता तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्याला. तुमच्या गावात वर्ग असेल. तुम्ही चार बुकं शिकलेले असाल, म्हणजे खुर्ची तुमचीच असेल. उद्या ती उचलून बाहेर ठेवा. खाली बसा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तुला काय लिहायचं आहे? ती बोलेपर्यंत तोंड उघडू नका. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की हिला उभं कर, तर नाही म्हणा. तिथल्या तिथं म्हणा. पंधरा दिवसांनी नाही.