उद्याची गोळी आजच

आमच्या घरमालकांइतका नियमाचा माणूस कुकडी नदीपासून घोड नदीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला आधी दवाखान्यात न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहते. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण काकांची बोली इतकी इथली की आळ्याहून आलेला शेतकरी त्यांना पावणं म्हणायच्या आधी सोयरीक विचारतो. सूर्य मावळला की काकांच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नाही, हा धर्माचा नियम. मीटरमागे दोन बोटं कापड जास्त, हा दुकानाचा. स्टँडवर 'रांगेत उभे राहा' अशी पाटी आहे, म्हणून काका रांगेत उभे राहतात. रांगेत ते एकटेच असतात. बाकीचं जुन्नर खिडकीतून रुमाल टाकून केव्हाच गाडीत बसलेलं असतं. एकदा घोडेगावच्या लग्नाला निघालेले काका तीन गाड्या सोडून घरी परतले आणि काकूंना म्हणाले, "लगीन हुकलं, पन रांग न्हाई मोडली." काकू म्हणाल्या, "मग आता रांगेतच जेवा."

चाळीस वर्षं गादीवर मांडी घालून बसल्याने काकांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी दुखणं थांबायच्या दोन गोळ्या दिल्या, सकाळी एक आणि रात्री एक. रात्रीची काका अर्थातच सूर्यास्ताआधी घ्यायचे. माझं काम गावोगाव आरोग्याची पत्रकं लिहून, छापून वाटण्याचं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही, गोळीबरोबरचा कागद इंग्रजीत, तोही मुंगीच्या अक्षरांत, आणि पेशंटने काही विचारलं तर "डॉक्टर तुम्ही की मी?" हा सरळसरळ अन्याय आहे आणि मी तो प्रत्येक पत्रकात ठळक छापते. सांधेदुखीच्या गोळ्यांवरचं माझं पत्रक लोकांनी भेळ खायला वापरलं. काकांनी मात्र ते छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं आणि गल्ल्यामागच्या भिंतीला डकवलं. त्यात दुष्परिणामांची यादी होती. आठवड्याने ते जिना चढून वर आले, धापा टाकत. मला ते पुढारीच म्हणतात. "पुढारी, तुझ्या यादीत मळमळ हाय. मला अजून झाली न्हाई. गोळी डुप्लिकेट तर नसंल?" मी सांगितलं, काका, हे सगळ्यांना होत नाही, न होणंच चांगलं. त्यांचं समाधान झालं नाही. एवढं छापून आलंय म्हणजे आज ना उद्या येणारच, अशा तयारीने ते वाट बघत राहिले.

मग चातुर्मास लागला आणि काकांनी एक दिवसाआड उपास धरले. उपास म्हणजे साबुदाणा-शेंगदाण्याचा नव्हे. उकळून गार केलेलं पाणी, बस्स. तीनेक आठवडे झाले असतील. सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडत होते, तर काका दारात हसतमुख उभे. चेहरा मात्र कोऱ्या लट्ठ्याच्या कापडासारखा पांढरा. म्हणाले, "पुढारी, आला गं एक! यादीतला चौथा. दोन दिवस झाले, शौचाला डांबरासारखं काळं व्हतंय. गोळी अस्सल हाय." आणि भिंतीला धरून खाली बसले.

यादीतल्या चौथ्या ओळीचा अर्थ मला ठाऊक होता: पोटात रक्तस्राव. गाडी बोलावून मी आणि काकूंनी त्यांना नारायणगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी विचारलं, "काका, गोळ्या किती घेत होता?"

"डॉक्टर म्हनले तितक्याच."

"उपासाच्या दिवशी?"

"उपासाला गोळी कशी चालंल? उद्याचा उपास, म्हनून उद्याच्या दोन आजच घ्यायच्या. आजच्या दोन, उद्याच्या दोन. एक बी चुकवली न्हाई."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलेच.

"तूच की! पयलीच ओळ हाय तुझी."

होती. 'डॉक्टरांनी दिलेला एकही डोस चुकवू नका!' बीपी-शुगरच्या पत्रकातलं वाक्य मी घाईत तसंच उचलून सांधेदुखीच्या पत्रकात टाकलं होतं, उद्गारचिन्हासकट. डॉक्टरांच्या चिठ्ठीला नावं ठेवणारी मी, माझ्याच ठळक अक्षरांनी एका भल्या माणसाच्या पोटाला भोक पाडलं होतं. नारायणगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर टोमॅटोचे मळे बघत बसले. काकूंकडे बघायची हिंमत नव्हती.

सलाईन लावायला नर्स आली, तर काकांनी हात मागे घेतला. "आज उपास हाय. हे चालंल का?" काकू कडाडल्या, "चालंल का म्हनं! मानूस ऱ्हायला तर उपास! लावा हो बाई, दोन्ही हातांना लावा!" नर्सने एकाच हाताला लावलं. रक्त चढवलं, दुर्बीण घालून तपासणी झाली, रिपोर्ट आले. तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि चक्क समजेल अशा मराठीत बोलल्या, तेव्हाच मला निम्मं हायसं वाटलं. "जखम आहे, पण रक्त थांबलंय. मूत्रपिंडं शाबूत आहेत. ही गोळी आता कायमची बंद. गुडघ्याला शेक, मलम आणि व्यायाम. जास्तच दुखलं तर साधी तापाची गोळी, तीही विचारून. आणि डोस राहिला तर राहू द्यायचा, दुप्पट कधीच घ्यायचा नाही. उपासही सध्या बंद." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडून घेतलं. काकू शेजारी येऊन बसल्या. "पोरी, चूक तुजी बी हाय आन त्यांची बी. पन वाचले ना? मग पूस डोळे."

पत्रक मी नव्याने छापलं. काकांनी जैन धर्मस्थानकात जाऊन तिथल्या साध्वीजींना उपासाचं विचारलं. त्यांनी उपास सोडायला लावलेच, वर डॉक्टरांपेक्षा जास्त रागावल्या म्हणे. आता काका गादीऐवजी खुर्चीवर बसतात. दोन तास बसलं की दुखतं, मग उठून भिंतीला धरून पाय ताणतात, पंधरा म्हणजे पंधराच वेळा.

पुढच्या चतुर्दशीला भर दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर दोन ताटं होती, वरणभात आणि वर तूप. काकूंचा उपास होता. त्या वाढून आत गेल्या. "बस जेवायला," काका हळू आवाजात म्हणाले. "मला एकट्याला जमंना." मी नुकतीच दोन भाकऱ्या खाऊन आले होते. तरी बसले. काकांनी बराच वेळ भात नुसता कालवला, मग पहिला घास घेतला आणि रस्त्याकडे बघत राहिले.

"अकरा वर्षांचा व्हतो तवापासून चवदसचा उपास धरतोय," ते म्हणाले. "या दिवशी आपल्या घरात जेवनाचा वास कसा येतो, ते ठावंच नव्हतं."

मी ताटातला भात संपेपर्यंत, सावकाश, त्यांच्याबरोबर जेवत राहिले.