डावीकडची बाई

गेल्या महिन्यात माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. व्यायाम म्हणून रोज आरशापुढे फुंकर मारते. दिवा फुंकू नये, म्हणून मेणबत्ती घेते. हवा डाव्या कोपऱ्यातून निसटते, ज्योत नुसती वाकते.

उद्या भाच्याचं बारसं. वहिनी म्हणाली, "वन्सं, कानात कुर्र तुम्हीच करायचं. आत्याचा मान."

"लाळ गळली तर?"

"गळू दे. तुमचा भाचा काय कमी गाळतो?"

मला हसू आलं. आरशात उजवीकडे मी हसले, डावीकडची बाई हसली नाही. तिचा डोळा मिटत नाही. मी झोपले तरी ती बघतच असते.

उद्या पाळण्यावर मी वाकेन, तेव्हा तीही वाकेल. बाळाने डोळे उघडले, तर त्याला आधी कोण दिसेल?